परदेशी भाषेच्या वर्गात विद्यार्थी बोलतच नाहीत, तुम्ही काय अ‍ॅक्टिव्हिटी घेता?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. मी जर्मन शिकवते, ए१ आणि ए२, म्हणजे अगदी सुरुवातीच्या दोन पातळ्या. बॅच २४ जणांची, त्यात कॉलेजची मुलं आहेत, नोकरी करणारे आहेत, दोघंतिघं माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे आहेत.

लेखी सगळं मस्त चाललंय. आर्टिकल, क्रियापदाची रूपं, क्रियापद वाक्यात कुठे टाकायचं, वहीत सगळं बरोबर. पण "चला आता बोलूया" म्हटलं की सगळ्यांना एकदम पेनाचं टोपण, पाण्याची बाटली असल्या गोष्टींत प्रचंड रस निर्माण होतो, कोणी माझ्याकडे बघतच नाही. मग नेहमीचे चार जण बोलतात आणि बाकीचे वीस जण त्यांचं ऐकतात, तेही ऐकतात का देव जाणे. पुस्तकातले संवाद दोघादोघांत करायला दिले तर ते वाचून टाकतात, अक्षरशः मान वर न करता, आणि "झालं मॅडम". रोल प्ले दिला, तू डॉक्टर तू पेशंट, तर दोन वाक्यांत पेशंट बरा होऊन घरी जातो. पेअर वर्क दिलं की मी जवळ असेपर्यंत जर्मन, पुढे सरकले की आपल्या भाषेत गप्पा चालू, परत मागे वळले की परत जर्मन.

वादविवाद घेऊन बघा असं एकाने सुचवलं होतं पण ए१ च्या माणसाने "मला कुत्री आवडतात" च्या पुढे वाद घालायचा कसा?

तर कोणी भाषा शिकवत असाल, कुठलीही, किंवा शिकत असाल तरी सांगा, वर्गात खरंच चाललेलं काय आहे. पुस्तकात छान दिसणारं नको, ते माझ्याकडे कपाटभर आहे.

---

खडू_आणि_डस्टर

निळी शाई ताई, मी फ्रेंच शिकवतो, त्यामुळे तुमची पेन-टोपण मंडळी चांगलीच ओळखीची वाटली.

तुमचा पेशंट दोन वाक्यांत बरा होतो कारण दोघांनाही आधीच माहितीये काय होणार. पोट दुखतंय, गोळी घ्या, थँक्यू, संपलं. एकमेकांना विचारण्यासारखं काही शिल्लकच नाही तर ते बोलतील कशाला. आपण खऱ्या आयुष्यात तोंड कधी उघडतो, समोरच्याला माहिती असलेलं काहीतरी आपल्याला माहिती नसतं तेव्हा, नाहीतर आपल्याला काहीतरी करून घ्यायचं असतं तेव्हा. वर्गात नेमकं हेच नसतं. शिक्षिका विचारते "हे पुस्तक कुठे आहे" आणि पुस्तक टेबलावर सगळ्यांना दिसतंय. मोठ्या माणसाला असलं उत्तर द्यायला लाज वाटते, आणि बरोबरच आहे.

म्हणून मी जवळजवळ सगळं इन्फर्मेशन गॅपवर करतो. सगळ्यात स्वस्त आणि कधीच न फसणारा प्रकार म्हणजे फरक शोधा. एकाच खोलीची दोन चित्रं, आठ फरक, एक चित्र अ कडे दुसरं ब कडे, एकमेकांना दाखवायचं नाही. हे मुलांच्या मासिकातलं कोडं वाटतं पण करून बघा. एक म्हणतो माझ्याकडे टेबलावर दिवा आहे, दुसरा म्हणतो माझ्याकडे पण आहे, मग शांतता, मग कोणीतरी विचारतं दिवा चालू आहे का बंद, आणि तिथून गाडी सुटते. तुमच्या जर्मनमध्ये तर हे आणखी भारी होईल, कारण मांजर टेबलावर आहे की टेबलाखाली यावरच फरक ठरवायचा म्हटलं की "आउफ" (वर) आणि "उंटर" (खाली) आणि त्यांच्या पुढचं आर्टिकल "डेम" हे सगळं आपसूक वीस वेळा तोंडातून जातं, आणि चुकलं तर समोरचा गोंधळून "काय? कुठे?" विचारतो. तुम्ही दुरुस्त करायची पाळीच येत नाही.

दोन गोष्टी मात्र पाळा. पहिली, खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा किंवा मध्ये उभी फाइल ठेवा, नाहीतर हुशार मंडळी तिसऱ्या मिनिटाला चित्रं शेजारी शेजारी ठेवून "झालं सर" म्हणतात. दुसरी, त्याआधी पाच मिनिटं लागणारी वाक्यं फळ्यावर द्याच. तुझ्याकडे अमुक आहे का, किती आहेत, डावीकडे की उजवीकडे, परत सांग, जरा हळू. अ‍ॅक्टिव्हिटी अर्ध्यावर आली की त्यातली निम्मी पुसून टाका, काही न बोलता. थोडी ओरड होते, पण तोपर्यंत ती वाक्यं तोंडात बसलेली असतात.

नेहमीच्या चौघांचा प्रश्न राहिला. त्यासाठी जिगसॉ. हा प्रकार मुळात भाषेसाठी नव्हताच, एलियट अ‍ॅरनसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये काढला. शाळांमधलं गोऱ्या-काळ्या मुलांचं वेगळेपण तेव्हा नुकतंच मोडलं होतं आणि मुलं एकमेकांशी धड वागत नव्हती. म्हणून धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला, बाकीचं एकमेकांकडूनच शिकायचं. आपण हे चोरी पकडण्याच्या गोष्टीवर वापरायचं. सहा जणांचा ग्रुप, प्रत्येकाला एक चिठ्ठी, चिठ्ठीत एक सुगावा. दोन मिनिटं वाचायची, मग चिठ्ठी मला परत, वाचून दाखवायची नाही. चोर कोण ते ग्रुपने ठरवायचं. आता तुमचे चौघं कितीही फाडफाड बोलले तरी कोपऱ्यातल्या गप्प माणसाकडे सहावा सुगावा आहे, त्याच्यामागे लागावंच लागतं. आणि तो बोलतो हो. तुटक बोलतो, पण सगळे कान लावून ऐकत असतात, आणि तेच त्याला कधी मिळालेलं नसतं.

---

मागचा_बाक

मी शिकवत नाही, शिकते, जपानी. म्हणजे मी तुमच्या त्या वीस जणांपैकी एक. तर आमच्या बाजूने दोन शब्द.

रांगेने विचारणं बंद करा प्लीज. पहिल्या बाकापासून एकेकाला "तुम्ही सुट्टीत काय केलं" विचारत आले की माझा नंबर येईपर्यंत मी फक्त माझं वाक्य जुळवत बसलेली असते, आधीच्या सगळ्यांनी काय सांगितलं ते शून्य ऐकलेलं, आणि माझं बोलून झालं की सुटले म्हणून पुढच्यांचं पण ऐकत नाही. म्हणजे तासभर बोलण्याचा तास झाला आणि मी एक वाक्य बोलले. ते पण पाठ केलेलं.

दुसरं म्हणजे छंद. प्रत्येक कोर्समध्ये, प्रत्येक लेव्हलला, तुमचे छंद सांगा. माझे छंद आता मलाच ऐकवत नाहीत. आमच्याकडे एका तासाला सगळ्यांना दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगायला लावली होती आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून खोटी कुठली ते शोधायचं. त्या दिवशी आमच्या बॅचमधल्या सगळ्यात गप्प काकांनी सांगितलं की मी लहानपणी हत्तीवरून पडलोय. त्यांच्यावर प्रश्नांचा असा काही भडिमार झाला ना, कुठे पडलात, केव्हा, हत्तीचं नाव काय, तुमच्याबरोबर कोण होतं, आणि ते शांतपणे एकेकाला तुटक जपानीत उत्तर देत होते, आणि शेवटी ते खरं निघालं! खोटं म्हणजे त्यांना चहा आवडतो हे होतं. खोटं बोलायची परवानगी मिळाली की माणूस जरा सैल होतो असं माझं मत, कारण चुकलं तरी ते "मी" चुकलेलं नसतं.

आणि विचार करायला वेळ द्या. फार नको, एक मिनिट, कागदावर फक्त चार-पाच शब्द लिहू द्या, पूर्ण वाक्य लिहू देऊ नका नाहीतर आम्ही वाचणार. वेळ काढायचे शब्द पण शिकवा. जपानीत "एऽतो" आणि "आनो" आहेत, आपण "म्हणजे... ते आपलं..." करतो ना तसे. ते कळल्यावर मला केवढा धीर आला, कारण आता मी अडकले तरी जपानीतच अडकते.

---

तळटीप

मागचा बाक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००. थोडं अभ्यासकांचं पण सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

शिक्षकाने प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबतो किती, हे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं होतं. विज्ञानाचे वर्ग होते, भाषेचे नाही, आणि सरासरी निघाली जेमतेम १ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारणार नाहीतर स्वतःच बोलून मोकळा. ती वेळ ३ सेकंद किंवा थोडी जास्त केली तर उत्तरं लांब येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारेही बोलायला लागले. हे आपल्याच भाषेत बोलणाऱ्या मुलांचं. परक्या भाषेत तर डोक्यात शब्द शोधायचा, त्याचं लिंग आठवायचं, क्रियापद जागेवर टाकायचं, एवढं सगळं १ सेकंदात कोण करणार. मनातल्या मनात पाच आकडे मोजा, ते पाच आकडे शिक्षकालाच जास्त जड जातात.

आता हिशोब बघा. ४५ मिनिटांचा तास, ३० जण, एकेकाने बोलायचं ठरवलं आणि शिक्षक एक अक्षर बोलला नाही (हे अशक्य आहे) तरी प्रत्येकाला दीड मिनिट. तेच २० मिनिटांचं पेअर वर्क घेतलं तर प्रत्येकाला १० मिनिटं. त्यामुळे पेअर वर्कमध्ये थोडी आपल्या भाषेची भेसळ झाली तरी हिशोब पेअर वर्कच्याच बाजूने आहे.

अ‍ॅक्टिव्हिटी एकच सुचवतो, ४/३/२. एका विषयावर जोडीदाराला ४ मिनिटं सांगायचं, मग जोडीदार बदलायचा आणि तेच ३ मिनिटांत सांगायचं, मग तिसऱ्याला २ मिनिटांत. पॉल नेशन यांच्यामुळे हे जास्त माहिती झालं. ए१ ला ४ मिनिटं म्हणजे शिक्षा आहे, तिथे २, दीड आणि १ करा. दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, एक रांग जागेवर, दुसरी शिट्टी वाजली की एक पाऊल उजवीकडे. यात गंमत अशी की ऐकणारा दर वेळी नवा, त्यामुळे तेच परत सांगणं खोटं वाटत नाही, आणि तिसऱ्या खेपेला माणूस स्वतःच चकित होतो की अरे हे तर सुटसुटीत आलं. शब्द शोधायचं काम पहिल्या खेपेला झालेलं असतं म्हणून दुसऱ्या-तिसऱ्याला डोकं मोकळं. आपण काय करतो, एकदा बोलून झालं की पुढचा विषय. म्हणजे सगळ्यात वाईट खेप तेवढी घेतो आणि सोडून देतो.

बोलून घ्यायलाच हवं का, नुसतं ऐकून येणार नाही का, यावरही बराच वाद झालाय. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमात शिकत होती, वर्षानुवर्षं दिवसभर फ्रेंच कानावर. समज उत्तम, जवळजवळ फ्रेंच मुलांच्या बरोबरीने. पण बोलायला लागली की व्याकरण लंगडं. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की तोंडातून काढावं लागतं तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते कळतं. ऐकताना माणूस अंदाजाने निभावून नेतो, बोलताना तसं निभावता येत नाही.

---

निळी_शाई

वा, एवढे लांब प्रतिसाद, मनापासून धन्यवाद सगळ्यांना. हत्तीवाले काका मला पण हवेत माझ्या बॅचमध्ये.

खडू सर, फळ्यावरची वाक्यं मधेच पुसायचं फार आवडलं, जरा दुष्टपणा आहे पण आवडलं.

एक शंका. १२ जोड्या एकदम बोलणार म्हणजे १२ ठिकाणी चुका होणार आणि मी एका वेळी एकाच ठिकाणी. त्या चुका तशाच पक्क्या होत नाहीत का? मला तर "इष हाबे गेगांगेन" (मी गेले, पण "बिन" हवं तिथे "हाबे") असं काही कानावर पडलं की राहवतच नाही, लगेच "बिन, बिन" निघून जातं तोंडातून.

---

जुना_खोडरबर

होतात. चुका पक्क्या होतात. कोणी काही म्हणो.

इथे सगळे खेळाच्या बाजूने बोलताहेत म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. मी बरीच वर्षं रशियन शिकवलंय, आणि आमच्या वेळी सगळा वर्ग एका सुरात वाक्य म्हणायचा, मग त्यातला एक शब्द बदलायचा, परत म्हणायचं. आता त्याला हसतात, पोपटपंची म्हणतात. पण रशियनला सहा विभक्ती आहेत, जवळजवळ प्रत्येक नामाचा शेवट बदलतो, आणि ते शेवट जिभेवर बसल्याशिवाय तुम्ही चोर शोधा नाहीतर हत्ती शोधा, विद्यार्थी सगळं प्रथमेत बोलून मोकळा होतो. समोरच्याला कळतं सुद्धा, कारण समोरचाही तसाच बोलतो. मग दोघं एकमेकांच्या चुका शिकतात.

खेळ वाईट असं नाही म्हणत. पण आधी दहा मिनिटं रियाज, मग खेळ. एका सुरात म्हणण्याचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही, लाजाळू माणसाला गर्दीत आवाज काढता येतो. त्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येतो, बाकी कोणाला नाही. एकट्याने बोलायच्या आधी ही पायरी हवी.

---

तळटीप

खोडरबर काका, रियाज हवा हे मान्यच आणि गर्दीतल्या आवाजाचं तर एकदम पटलं. एवढंच म्हणेन की रियाज करतानाही अर्थ डोक्यात असावा. नुसता शब्द बदलत गेलं तर झोपेतही म्हणता येतं. "मी शाळेत जातो" ऐवजी प्रत्येकाने आपण खरंच आज कुठे गेलो ते त्याच साच्यात सांगितलं तरी शेवटांची तालीम तेवढीच होते.

निळी शाई, तुमच्या "बिन, बिन" बद्दल. शिक्षक सगळ्यात जास्त वेळा काय करतात, तर विद्यार्थ्याचं चुकलेलं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणतात आणि पुढे जातात. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचं मोजमाप छापलं, त्यात शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के याच प्रकारच्या होत्या, आणि विद्यार्थ्यांनी त्याची काही दखल घेतली ती फक्त ३१ टक्के वेळा. बाकी वेळा त्यांना वाटलं मॅडम माझ्याशी सहमत आहेत. याउलट शिक्षक नुसता थांबला, "इष...?" एवढंच म्हणून पुढचं विद्यार्थ्याकडून काढलं, तर प्रतिसाद नक्की येत होता. म्हणजे उत्तर देऊन टाकू नका, खड्डा दाखवा.

पण हे सगळं अचूकतेची अ‍ॅक्टिव्हिटी चालू असताना. ४/३/२ किंवा चोर शोधायचं चालू असेल तर मधे अजिबात तोंड घालायचं नाही. वही घेऊन फिरायचं, ऐकलेलं लिहायचं, शेवटची सात मिनिटं राखून ठेवायची आणि फळ्यावर सहा वाक्यं लिहायची, नावं न घेता, चार चुकीची आणि दोन चांगली. कुठली चुकीची ते वर्गानेच शोधायचं. चांगली दोन वाक्यं ज्याची असतील तो ती ओळखतो आणि हळूच सरळ होऊन बसतो. मग जमलं तर तीच अ‍ॅक्टिव्हिटी नव्या जोडीदाराबरोबर पाच मिनिटं परत. चूक सुधारायची खरी संधी तीच असते, नाहीतर फळ्यावर बघितलेलं वहीत जातं आणि वहीतच राहतं.

---

शिट्टीवाली

आपल्या भाषेत गप्पा मारतात त्यावर कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी स्पॅनिश घेते, मोठ्या बॅच.

दंड, चॉकलेट, फळ्यावर नाव, सगळे प्रकार बघितलेत, त्याने फक्त एवढंच होतं की लोक गप्प बसतात. गप्प बसण्यापेक्षा आपल्या भाषेत बोललेलं बरं. मी आता तिघांचे ग्रुप करते, दोघं बोलतात आणि तिसरा कारकून. कारकुनाने फक्त एक करायचं, जेव्हा जेव्हा कोणी आपल्या भाषेतला शब्द वापरेल तो शब्द लिहून ठेवायचा. रागवायचं नाही, हसायचं नाही. पाच मिनिटांनी कारकून बदलतो. शेवटी सगळ्या कारकुनांचे कागद गोळा. त्यात जे निघतं ते बघण्यासारखं असतं. नामं फार नसतात, नामं लोक शोधून काढतात किंवा बोटाने दाखवतात. निघतात ते "अगं थांब", "काय म्हणालीस?", "माझी पाळी", "नाही नाही तसं नाही", "बरं मग?", "पुढे सांग". म्हणजे विषयाचे शब्द येताहेत पण संभाषण चालवायचे शब्दच आपण शिकवलेले नाहीत! मग पुढच्या तासाला तेच सहा वाक्प्रयोग शिकवायचे. जर्मनमध्ये "व्ही बिट्टे" (काय म्हणालीस?), "मोमेंट माल" (जरा थांब), "डू बिस्ट ड्रान" (तुझी पाळी) असे काहीतरी असतील ना, ते पहिल्याच आठवड्यात द्या. माझ्या वर्गात याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच नियमाने नाही पडला.

अ‍ॅक्टिव्हिटी समजावून सांगताना मात्र मी बिनधास्त आपल्या भाषेत सांगते. चोर शोधायच्या खेळाचे नियम स्पॅनिशमध्ये सांगण्यात दहा मिनिटं घालवायची आणि तरी अर्ध्यांना कळलेलं नसतं, मग ते शेजाऱ्याला विचारतात, कुठल्या भाषेत ते सांगायला नको. त्यापेक्षा दोन वाक्यांत सांगून टाकावं, आणि सांगण्यापेक्षाही दोघांना पुढे बोलावून करून दाखवावं.

आवाजाबद्दल, शेजारच्या वर्गाची तक्रार येतेच. शिट्टी ऐवजी हात वर करायची सवय लावा, मी हात वर केला की ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. पसरत जातं. (नाव शिट्टीवाली असलं तरी.)

ऑनलाइन घेत असाल तर ब्रेकआउट रूममध्ये तिघंच ठेवा, चौघं झाले की एक जण माइक बंद करून गायब. आणि रूममधून बाहेर येताना काहीतरी घेऊन यायचं, यादी, निर्णय, चोराचं नाव, काहीही. नुसतं "डिस्कस करा" म्हणून पाठवलं की पाच मिनिटं एकमेकांचे चेहरे बघून परत येतात.

---

रिकामी_वही

मी परीक्षेच्या बॅच घेते म्हणून एक छोटी भर. विद्यार्थी विचारतात ना "हे खेळ परीक्षेत येणार का", तर गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन ए१ च्या तोंडी परीक्षेत दुसऱ्या भागात कार्ड उचलून समोरच्याला प्रश्न विचारायचा असतो आणि तिसऱ्यात विनंती करायची, आणि हे ग्रुपमध्ये होतं, परीक्षकासमोर एकट्याने भाषण नाही. ए२ च्या शेवटच्या भागात तर दोघांना वेगवेगळी दिनचर्या देतात आणि दोघांना जमेल अशी वेळ ठरवायची असते. म्हणजे खडू सरांचं इन्फर्मेशन गॅपच की! हे सांगितलं की मोठी माणसं एकदम सिरियस होऊन खेळतात.

ही वेळ ठरवायची अ‍ॅक्टिव्हिटी करताना एक चावटपणा करा, दोन दिनचर्यांत सामायिक रिकामी वेळ ठेवूच नका. मग कोणाला तरी आपलं काहीतरी रद्द करावं लागतं आणि का रद्द करता येत नाही ते सांगावं लागतं. दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मोडायची की मावशीला भेटायचं मोडायचं यावर माझ्याकडे एकदा खरं भांडण झालंय, आणि "वाइल" (कारण) लावून क्रियापद शेवटी टाकलेली इतकी वाक्यं मी एका तासात कधीच ऐकली नव्हती. निळी शाई, तुमचा वादविवादाचा प्रश्न होता ना, ए२ च्या माणसाने वाद हाच घालायचा. पर्यावरण वगैरे नंतर बघू.

---

मागचा_बाक

रिकामी वही, हे मस्त आहे. पण एक विनंती सगळ्याच शिक्षकांना, वर्गासमोर "सादर" करायला लावू नका नंतर. जोडीत छान चाललेलं असतं आणि मग "चला आता तुमची जोडी पुढे या" म्हणतात, सगळं पाणी होतं. जोडीत झालं ते झालं ना, परत सगळ्यांना कशाला दाखवायचं?

---

खडू_आणि_डस्टर

मागचा बाक, अर्धं मान्य. सगळ्यांना पुढे बोलवत नाही, पण कुणाला हौस असते त्यांना अडवतही नाही. मी एवढंच करतो की जोड्या संपल्यावर कोणालाही विचारतो "तुझ्या जोडीदाराने काय सांगितलं?" दुसऱ्याबद्दल सांगायला लोकांना तेवढी लाज वाटत नाही, आणि ऐकलं होतं की नाही तेही कळतं. "मी" चं "तो/ती" होताना क्रियापद बदलतं, तोही सराव फुकटात.

---

निळी_शाई

बरं, माझं ठरलं. गुरुवारी ए१ ला आधी खोडरबर काकांचा एका सुरातला रियाज, "आउफ" आणि "उंटर" वर, मग फरक शोधा, मग वही घेऊन फिरणार आणि तोंड बंद ठेवणार (हे सगळ्यात अवघड आहे). ए२ ला वेळ ठरवायची भांडणं. शिट्टीवाली ताईंचे कारकून दोन्हीकडे.

शेवटचा प्रश्न, ती दोन चित्रं आणता कुठून? नेटवरची बघितली तर एकतर लहान मुलांची आहेत किंवा फरक इतके बारीक की माझ्या लोकांकडे ते शब्दच नाहीत, पडद्याच्या झालरीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मलाही बघावं लागेल.

---

खडू_आणि_डस्टर

नेटवरून घेऊच नका. शिकवलेल्या शब्दांची यादी समोर ठेवा आणि त्यातल्याच वस्तूंची एक खोली स्वतः काढा, चित्रकला येत नसली तर उत्तमच, "हे मांजर आहे की उशी" यावर आणखी दोन मिनिटं बोलणं होतं. त्याची झेरॉक्स काढा, झेरॉक्सवर व्हाइटनरने चार गोष्टी पुसा, पेनाने चार वाढवा, झालं ब चं चित्र. मग दोन्हीच्या बारा-बारा प्रती, आणि अ चा कागद पांढरा, ब चा रंगीत घ्या, म्हणजे वाटताना घोळ होत नाही आणि कोण कोणाचं बघतंय ते लांबूनही दिसतं.